किटातला नाताळ घरी कसा आणायचा?

पत्र: आम्ही तीन वर्षांपासून स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा सव्वादोनचा, दोघंही किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, जातात. मागच्या वर्षी पहिल्यांदाच घरी नाताळ केला आणि सगळंच फसलं. १ डिसेंबरला झाड आणलं, तर दोन आठवड्यांत त्याच्या सुया गळून गेल्या आणि उरलेलं झाड धाकट्याने ओढून पाडलं. भेटवस्तू २५ तारखेला सकाळी दिल्या. सुट्टीनंतर मुलीला किटात कळलं की बाकीच्यांकडे क्रिस्टकिंड, म्हणजे भेटी आणणारं देवबाळ, आदल्या संध्याकाळीच येऊन गेलं होतं. 'आपल्याकडे सगळ्यात शेवटी का आलं?' म्हणून ती रडली. २६ला दूध संपलं आणि सगळी दुकानं बंद. नवरा म्हणतो, आपला सण नाही, कशाला हा खटाटोप? सासूबाईंना वाटतं, मुलं दिवाळी विसरतील. आम्ही अंडं खातो, मांस खात नाही. यंदा करावं का? आणि करायचं तर नेमकं काय?

उत्तर:

ताई, जरूर करा. तुमची लेक आठवड्याचे पाच दिवस किटात असते आणि नोव्हेंबर संपला की तिथे दुसरा विषयच नसतो. सकाळी सगळी मुलं गोल करून बसतात, तेव्हा कालच्या रविवारी कोणी कुठली मेणबत्ती लावली, कोणाच्या बुटात काय निघालं, हेच बोलणं चालतं. त्या वर्तुळात तिच्याकडेही सांगण्यासारखं काही असावं, एवढंच तिला हवंय. मागच्या वर्षी तुम्ही कष्टांत कमी पडला नाहीत, फक्त सगळे कष्ट एकाच दिवशी घातलेत आणि तो दिवस चुकीचा निघाला. जर्मनीतला लहान मुलांचा नाताळ वाट बघण्यात असतो. चार आठवडे थोडं थोडं करत जायचं आणि २४च्या संध्याकाळी तो पूर्ण होतो.

तुमच्या नवऱ्याच्या शंकेबद्दल. मेणबत्त्यांचं कडं, बुटातला खाऊ, बिस्किटं, झाड या इथल्या घराघरांतल्या रीती आहेत. चर्चला कधीच न जाणारी कुटुंबंही त्या पाळतात. प्रार्थना आणि चर्च हा वेगळा भाग, तो घ्यायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. आणि सासूबाईंना सांगा, यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि किटातली झांक्ट मार्टिनची, म्हणजे संत मार्टिनच्या दिवसाची, कंदिलांची मिरवणूक ११ तारखेच्या आसपास. आकाशकंदील घरी मुलांकडून करवून घ्या आणि त्याच कागदातून मिरवणुकीचा कंदीलही करा. दिवाळी झोकात झाली की डिसेंबरबद्दल कोणाच्या मनात किंतू राहत नाही.

आता तारखा. पहिला अ‍ॅडव्हेंट रविवार २९ नोव्हेंबरला, मग ६, १३ आणि २० डिसेंबर. नाताळाची वाट बघण्याचे हे चार रविवार. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जायची. चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं, म्हणजे अ‍ॅडव्हेंट्सक्रान्झ, बाजारात तयार मिळतं. ही कल्पना हॅम्बुर्गच्या योहान हिनरिश विशर्न यांची. १८३९ मध्ये त्यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज 'नाताळ कधी?' असं विचारून भंडावत. तुमच्या घरी हा प्रश्न रोज येत असेल, तर त्याचं उत्तर हे कडंच आहे.

कड्याची खरी भीती तिसऱ्या-चौथ्या रविवारी असते. तोवर फांद्या वाळून कडकडीत होतात आणि पहिली मेणबत्ती जळत जळत पानांजवळ आलेली असते. दोन-तीन सेंटीमीटर उरली की ती बदलाच. कडं चिनी मातीच्या किंवा धातूच्या ताटात ठेवा, खिडकीच्या पडद्यापासून लांब, आणि खोलीतून निघताना फुंकर मारून जा. सव्वादोन वर्षांचं पोर घरात असताना एलईडी मेणबत्त्या लावल्या तर त्यात काहीही कमीपणा नाही. मात्र त्यातल्या बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी थांबून वाट बघू नका, लगेच ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.

अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर १ डिसेंबरपासून चालू होतं, २४ खिडक्यांचं, रोज एक उघडायची. दोघांना दोन द्या आणि अगदी सारखीच द्या. वेगवेगळी दिलीत की सकाळी सात वाजता भांडण ठरलेलं. घरी करायचं असेल तर कापडाच्या २४ पिशव्या दोरीला टांगा. आठ-दहा पिशव्यांत खाऊ आणि बाकीच्यांत चिठ्ठ्या ठेवा: 'आज अंधारात टॉर्च घेऊन फेरी', 'आज बाबा गोष्ट सांगणार'. धाकट्याच्या पिशवीत टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल असं काही नको. अख्खे दाणे, बदाम, अक्रोडही नकोत, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात. गमी आणि मार्शमॅलोंच्या घटकांत 'गेलाटीन' हा शब्द शोधा. ते बहुतेक डुकराचं किंवा गाईचं असतं, तेव्हा तुमच्या घरासाठी पेक्टिनवाल्या गोळ्या घ्या.

५ डिसेंबरची रात्र निकोलाउसची. मायरा या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, चौथ्या शतकात होऊन गेलेल्या बिशपच्या नावाचा हा दिवस. मुलांनी आपले बूट स्वतः घासून दाराबाहेर ठेवायचे आणि ६च्या सकाळी त्यात खाऊ सापडतो. संत्र्याची बारकी बहीण मंडारीन, एक चॉकलेटचा निकोलाउस, एखादं छोटं पुस्तक एवढंच घाला. मोठ्या भेटीचा हा दिवस नव्हे, तुम्ही सायकल ठेवलीत तर २४ला काय ठेवणार? यंदा ६ तारीख रविवारी येते, म्हणून सगळं शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवा. किटात निकोलाउस येणार असेल तर आधी विचारून घ्या की सोबत काळ्या कपड्यांतला, मुलांना दटावणारा त्याचा सोबती क्नेश्ट रुप्रेश्ट असणार आहे का. धाकटा बिचकणारा असेल तर त्याला आदल्या दिवशी चित्र दाखवून सांगा, नाहीतर पुढे कित्येक रात्री झोपेत घाबरून उठेल.

बिस्किटं पहिल्या आणि दुसऱ्या रविवारच्या मधे करा. अनेक प्रकार करायच्या भरीस पडू नका. एकच करा, व्हॅनिलेकिप्फर्ल. त्यात अंडं लागत नाही आणि ज्या हाताने नानकटाई केली असेल त्याला ते परकं वाटत नाही. मैदा, म्हणजे इथलं ४०५ नंबरचं पीठ, २८० ग्रॅम, थंड लोणी २१० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, दळलेले बदाम १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. लोण्याचे तुकडे पिठात बोटांनी चोळा, गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा आणि झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग अर्धा गोळा बाहेर काढा, अर्धा आतच राहू द्या. दहा-बारा ग्रॅमची गोळी, तिची बोटभर वळकटी, टोकं किंचित निमुळती, आणि वाकवून चंद्रकोर. १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं भाजा. कडा जरा सोनेरी झाल्या की काढा, वरून ती पांढरटच दिसायला हवीत.

ही बिस्किटं तीन ठिकाणी बिघडतात. मुलांच्या गरम हातात पीठ फार वेळ राहिलं की लोणी सुटतं आणि ओव्हनमध्ये चंद्रकोरी पसरून पोळ्या होतात. तसं वाटलं तर ट्रे भरल्यावर दहा मिनिटं थंडीत बाल्कनीत ठेवा. टोकं सुईसारखी केलीत तर मधला भाग भाजेपर्यंत ती जळतात. आणि शेवटची साखर: ५० ग्रॅम पिठीसाखर आणि व्हॅनिला साखरेच्या दोन पुड्या ताटलीत मिसळून ठेवा. बिस्किटं बाहेर काढून दोन-तीन मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग कोमट असताना साखरेत घोळवा. कडकडीत गरम उचललीत तर हातात मोडतील, पूर्ण गार झाल्यावर साखर चिकटणार नाही. सुमारे ५५ होतात आणि पत्र्याच्या डब्यात दोन-तीन आठवडे टिकतात. धाकट्याला पिठाचा एक वेगळा गोळा देऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवा. एक छोटा डबा किटातल्या ताईंसाठी बाजूला काढा. महाग भेट दिली तर त्यांना अवघडल्यासारखं होतं, लेकीने रंगवलेल्या कार्डासोबतचा हा डबा पुरेसा आहे. मात्र बदाम आहेत, तेव्हा किटात चालतील का ते आधी विचारा.

आता झाड. ज्याच्या सुया दोन आठवड्यांत गळल्या ते बहुधा फिश्ट, म्हणजे स्प्रूस, असावं. ते स्वस्त असतं, पण हीटर लावलेल्या खोलीत तग धरत नाही आणि सुयाही टोचतात. तुम्ही नॉर्डमानटान हा फरचा प्रकार घ्या. मीटरमागे साधारण २० ते ३० युरो पडतात, सुया मऊ असतात आणि पाणी मिळालं तर चार आठवडे टिकतात. त्याला वास कमी असतो, तेवढी एकच उणीव. दुसरं म्हणजे १ डिसेंबर फार लवकर झालं. इथल्या जुन्या रीतीत झाड २४लाच सजवतात आणि मग ते ६ जानेवारीपर्यंत राहतं. १८ डिसेंबरच्या आसपास आणा, जाळी न काढता पाण्याच्या बादलीत उभं करून बाल्कनीत किंवा केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवा, म्हणजे थंडीतून एकदम गरम खोलीत जाण्याचा धक्का बसत नाही.

घरात घेताना बुंध्याची दोन-तीन सेंटीमीटरची चकती करवतीने कापून टाका. जुना काप डिंकाने बंद झालेला असतो, त्यातून पाणी वर चढत नाही. नवा काप दिला की लगेच पाण्यात ठेवा. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा बाजूंनी तासू मात्र नका, सालीलगतचा थरच जास्त पाणी ओढतो. स्टँड पाणी ठेवता येईल असा हवा. पहिल्या दोन दिवसांत झाड लिटरभर सहज पितं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पातळी बघा. एकदा तळ कोरडा पडला की काप पुन्हा बंद होतो आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी उपयोग नाही. हीटरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा.

आणि पडण्याचं. दोन मीटरच्या झाडाचा मोह सोडा. एक-सव्वा मीटरचं घेऊन बसक्या, जड कपाटावर ठेवा. खाली टेबलक्लॉथ घालू नका, पोरं आधी तोच ओढतात. बुंध्याला वरच्या तिसऱ्या हिश्श्यात मासेमारीची जाड दोरी बांधून ती दोन बाजूंनी भिंतीतल्या हुकांना ताणून बांधा. लांबून ती दिसतही नाही. खालच्या फांद्यांवर गवताच्या काडीच्या चांदण्या, लाकडी घोडे, लोकरीचे गोळे. काचेचे गोळे वरच, किंवा यंदा नकोतच. खरं सांगायचं तर काडीच्या चांदण्या आणि पिवळसर दिवे एवढ्यावरच झाड सर्वांत देखणं दिसतं. फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या लावणारी घरं इथे अजून आहेत. धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत त्यांचं अनुकरण करू नका.

वाइनाख्ट्समार्क्टला, म्हणजे नाताळच्या बाजारात, शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. बाबागाडीला जागा मिळत नाही आणि मुलांना पुढच्या माणसाच्या कोटापलीकडे काही दिसत नाही. मधल्या वारी साडेतीनला पोचा, पाच वाजता निघा. अंधार साडेचारला होतो, म्हणजे दिवेही बघून होतात. मुलांसाठी किंडरपुन्श, म्हणजे फळांच्या रसाचं बिनदारूचं गरम पेय, मागा, आणि मग हातात आल्यावर स्वतः एक घोट घेऊन बघा, कारण ग्लूवाइन, म्हणजे मसाल्याची गरम वाइनही तशाच मगमधून देतात. मगची अनामत परत घ्यायला विसरू नका. खायला बटाट्याचे पुफर, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठं, सफरचंदाच्या गराबरोबर. बाबागाडीत बसलेलं मूल हालचाल करत नाही, त्याला तुमच्यापेक्षा खूप आधी थंडी वाजते. पाय गार लागले की घरी निघा.

२४ डिसेंबर यंदा गुरुवारी आहे. दुकानं दुपारी दोनला बंद होतात, शुक्रवार-शनिवार २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी, २७ला रविवार. म्हणजे सलग तीन पूर्ण दिवस बंद. किराणा २२लाच भरा: दूध, दही, ब्रेड, डायपर, तापाचं औषध, खेळण्यांसाठी बॅटऱ्या. किटाही बहुतेक ठिकाणी नववर्षापर्यंत बंद असतं, त्यांच्या तारखा आत्ताच बघून रजा टाका.

त्या दिवशी दुपारी आजी-आजोबांना फोन करा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, तुमचे तीन म्हणजे तिकडचे साडेसात. भेटी उघडताना कॅमेरा धरायच्या भानगडीत पडलात तर तिकडे रात्र झालेली असते आणि इकडे तो क्षण फोनच्या नादात जातो. मग हवं तर जवळच्या चर्चमधलं क्रिपनश्पील बघायला जा, मुलांनीच केलेलं येशूजन्माचं छोटं नाटक. कुणीही जाऊ शकतं, तिकीट नसतं. अर्धा तास आधी पोचा आणि आत कोट काढू नका. नवऱ्याला यायचं नसेल तर फारच उत्तम, कारण घरी एक माणूस हवंच आहे.

त्या घरच्या माणसाने भेटी झाडाखाली मांडायच्या, दिवे लावायचे आणि खोलीचं दार लावून घ्यायचं. तुम्ही परत आलात की आधी जेवण, सव्वापाच वाजता. भेटींनंतर सव्वादोन वर्षांचं मूल एक घासही खाणार नाही. मग सगळे दाराबाहेर उभे राहतात, आतून छोटी घंटा वाजते. देव्हाऱ्यातली चालेल. दार उघडतं, क्रिस्टकिंड नुकतंच खिडकीतून निघून गेलेलं असतं. याला बेशेरुंग म्हणतात. उत्तरेकडे भेटी वाइनाख्ट्समान, म्हणजे नाताळबाबा, आणतो, तुमच्या भागात क्रिस्टकिंड. किटात जे सांगतात तेच घरीही ठेवा. क्रिस्टकिंडच्या नावे प्रत्येकी एकच भेट असावी, बाकीच्यांवर आई-बाबा, आजी असं सरळ लिहा. पुढेमागे तिने 'खरंच असतं का?' असं विचारलं तर 'तुला काय वाटतं?' एवढं पुरतं. तिला समजेल तेव्हा एकच गोष्ट पक्की शिकवा, हे गुपित किटातल्या लहानांपुढे फोडायचं नाही.

जेवायला इथल्या पुष्कळ घरी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असतं. श्वाबी, म्हणजे तुमच्या स्टुटगार्टकडच्या, पद्धतीचं सॅलड मेयॉनेझशिवाय, गरम रसावर होतं. बाहेर तो रस मांसाचा असू शकतो, म्हणून घरीच करा. घट्ट राहणारे, पाकिटावर 'फेस्टकोखेंड' लिहिलेले बटाटे एक किलो उकडून, गरम असतानाच सोलून पातळ काप करा. बारीक चिरलेला कांदा, पाव लिटर कढत भाजीचा रस, चार चमचे व्हिनेगर, एक चमचा मोहरीची पेस्ट घालून वीस मिनिटं मुरू द्या. तेल सगळ्यात शेवटी, चार-पाच चमचे. तेल आधी पडलं की काप रस शोषत नाहीत आणि सॅलड कोरडं लागतं. सोबत शाकाहारी सॉसेज किंवा उकडलेली अंडी.

भारतातून पार्सल येणार असेल तर सासूबाईंना आत्ताच सांगा: खाजगी भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते, पण पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ टपालाने आणायला बंदी आहे, ते कस्टममध्ये काढून घेतात. त्यांनी आपल्या आवाजात दोन गोष्टी रेकॉर्ड करून पाठवल्या तर त्या २५ला दुपारी झाडाखाली लोळत ऐकता येतील.

आणि एक काम पहिल्या रविवारनंतरच्या आठवड्यातच करा. लेकीला तिच्या इच्छेचं चित्र काढायला बसवा आणि ते पत्र पाठवा. पत्ता एवढाच: क्रिस्टकिंड, ५१७७७ एंगेल्सकिर्शन. तिथे नाताळचं खास टपाल कार्यालय चालतं आणि मुलांना उत्तरं येतात. मागे तिचं नाव आणि घरचा पत्ता सुवाच्य लिहा, दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या आत पेटीत टाका. उत्तर आलं की ते पाकीट तुम्ही काढू नका, टपालपेटीची किल्ली तिच्या हातात द्या.